सरकारी कर्जाचा आकडा आणि त्याची हद्द : ‘इंटरनॅशनल डेट स्टॅटिस्टिक्स’ या विनामूल्य माहितीसेवेचे परीक्षण

जागतिक बँकेची ‘इंटरनॅशनल डेट स्टॅटिस्टिक्स’ ही माहितीसेवा कोणालाही पैसे न देता वापरता येते. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या सुमारे 120 देशांनी परदेशी धनकोंकडून घेतलेल्या कर्जाची 1970 पासूनची वार्षिक आकडेवारी तिच्यात आहे. विकसनशील देशांच्या कर्जावर लिहिणारा पत्रकार असो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी असो वा सरकारी रोख्यांत दुसऱ्यांचा पैसा गुंतवणारा व्यवस्थापक असो, त्याचे काम कधी ना कधी या साठ्यापाशी येऊन पोहोचते. गेली काही वर्षे मी ही सेवा नियमितपणे वापरत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: इतका व्यापक आणि इतका सलग साठा मला दुसरीकडे मिळालेला नाही, पण त्यातील एखादा आकडा कोणत्या हद्दीपर्यंतचे कर्ज मोजतो आणि तो आजवर किती वेळा बदलला, हे आकड्याशेजारी लिहिलेले नसते. वाचकाला ते स्वतः शोधावे लागते, आणि बहुतेक वाचक ते शोधण्याच्या फंदात पडत नाहीत.

या सेवेचे मूळ 1951 सालापर्यंत जाते. जागतिक बँकेकडून कर्ज घेणाऱ्या देशाने आपले दीर्घ मुदतीचे सर्व सरकारी आणि सरकारी हमीचे बाह्य कर्ज, मग ते कोणत्याही धनकोकडून घेतलेले असो, एकेका कर्जाच्या तपशिलासह बँकेला कळवावे, अशी पद्धत तेव्हा सुरू झाली. त्या माहितीचे छापील खंड अनेक वर्षे निघत राहिले, त्यांची नावे बदलली आणि 2013 पासून सध्याचे नाव रूढ झाले. नावांच्या या इतिहासाचे महत्त्व एवढेच की जुने संदर्भ शोधताना एकच साठा तीन वेगवेगळ्या नावांनी समोर येतो.

प्रत्यक्ष वापराकडे वळू. माहिती चार अंगांनी निवडावी लागते: कर्ज घेणारा देश, कर्ज देणारा देश किंवा संस्था, मोजमापाची मालिका आणि वर्ष. मालिकांची नावे लांबलचक आहेत आणि त्यांचे संकेतांक त्याहून दुर्बोध. पण ती लिपी एकदा अंगवळणी पडली की फेडायचे बाकी असलेले मुद्दल, प्रत्यक्ष उचललेली रक्कम, फेडलेले मुद्दल, भरलेले व्याज, नव्या करारांचा सरासरी व्याजदर आणि आजवरच्या कर्जावर पुढील वर्षांत देय असलेले हप्ते हे सर्व काही मिनिटांत एका तक्त्यात उतरवता येते. पुढील हप्त्यांची ही मालिका मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण एखाद्या देशाच्या डोक्यावर एकूण बोजा किती आहे यापेक्षा तो कोणत्या वर्षी एकदम अंगावर येणार आहे, हे अर्थसंकल्पाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. नवख्या वापरकर्त्याला एक सावधगिरीची सूचना मात्र द्यायला हवी. धनकोंच्या यादीत प्रत्येक देशाबरोबरच ‘वर्ल्ड’ नावाची एक बेरजेची ओळही असते. सुरुवातीच्या दिवसांत मी सर्व ओळी एकदम निवडून त्यांची बेरीज केली आणि एका देशाचे कर्ज बरोबर दुप्पट करून ठेवले. चूक माझीच होती आणि ती वेळीच लक्षात आली, एवढेच सुदैव.

धनकोनिहाय तपशील हे या सेवेचे गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोठे यश आहे. पूर्वी द्विपक्षीय (एका सरकारने दुसऱ्याला दिलेले) कर्ज, बहुपक्षीय (अनेक देशांनी मिळून चालवलेल्या) संस्थांचे कर्ज, रोखे आणि व्यापारी बँकांचे कर्ज अशा ढोबळ गटांवर समाधान मानावे लागे. 2020 साली महासाथीच्या काळात वीस प्रमुख अर्थव्यवस्थांच्या गटाने गरीब देशांची कर्जफेड तात्पुरती स्थगित करण्याची योजना आणली, आणि कोणत्या देशाने कोणाला किती देणे आहे हे नेमके कळल्याशिवाय स्थगितीचा हिशेबच मांडता येत नसल्याने, कर्ज देणाऱ्या देशानुसार विभागलेली आकडेवारी खुली करण्याला वेग आला. मे 2020 ते डिसेंबर 2021 या काळात 73 पात्र देशांपैकी 48 देश त्या योजनेत सहभागी झाले आणि सुमारे 1,290 कोटी डॉलरची देणी पुढे ढकलली गेली. आज एखाद्या आफ्रिकी देशाने चीनला, फ्रान्सला किंवा रोखेधारकांना किती देणे आहे, हे घरबसल्या पाहता येते. दहा वर्षांपूर्वी हाच तपशील मिळवण्यासाठी संशोधक महिनोन्महिने करारांच्या बातम्या वेचत असत.

आता आकड्यांच्या हद्दीविषयी. डिसेंबर 2023 मध्ये या साठ्यावर आधारित वार्षिक अहवालाने सांगितले की विकसनशील देशांनी 2022 मध्ये कर्जफेडीपोटी 44,350 कोटी डॉलर भरले. डिसेंबर 2024 च्या अहवालातील ठळक आकडा होता 2023 सालातील 1.4 लाख कोटी डॉलर, त्यांपैकी 40,600 कोटी डॉलर व्याजाचे. हे दोन मथळे कोणी शेजारी ठेवले तर एका वर्षात कर्जफेड तिपटीहून अधिक वाढली असा समज होईल. प्रत्यक्षात पहिला आकडा फक्त सरकारी आणि सरकारी हमीच्या कर्जाचा आहे, तर दुसऱ्यात खाजगी कंपन्यांनी सरकारी हमीशिवाय उचललेले परदेशी कर्जही धरलेले आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्हींची व्याख्या अहवालात दिलेली आहे. तरीही मथळा वाचणारा माणूस व्याख्येच्या पानापर्यंत जात नाही, हे प्रकाशकाने गृहीत धरायला हवे होते. त्याच अहवालातील 2023 अखेरचे 8.8 लाख कोटी डॉलर हे एकूण बाह्य कर्जही सरकार आणि खाजगी क्षेत्र यांचे मिळून आहे. ‘सरकारांच्या डोक्यावर 8.8 लाख कोटी’ असे लिहिणे चूक ठरेल.

आकडा येतो कुठून, हे समजल्याशिवाय या सेवेचे मूल्यमापन अपुरे राहते. कर्ज घेणाऱ्या देशाच्या वित्त मंत्रालयातील किंवा मध्यवर्ती बँकेतील कर्ज-व्यवस्थापन कक्ष ठरावीक नमुन्यांत माहिती भरतो: नव्या करारांची माहिती दर तिमाहीला, आणि प्रत्येक कर्जाची वर्षअखेरची बाकी व वर्षभरातील व्यवहार वर्षातून एकदा. त्या कक्षात बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेची किंवा राष्ट्रकुल सचिवालयाची नोंदप्रणाली वापरली जाते. प्रणाली चांगल्या आहेत. पण रस्तेबांधणी मंत्रालयाने थेट परदेशी बँकेशी केलेल्या कराराची प्रत त्या कक्षाकडे आलीच नाही, तर प्रणालीत नोंद होणार कशी? निधी थेट परदेशी कंत्राटदाराच्या खात्यात जमा होत असेल तर तो देशाच्या तिजोरीतून जातच नाही आणि तिजोरीच्या हिशेबातही उमटत नाही. सरकारी कर्जाच्या आकडेवारीचा दर्जा सुधारण्याची चर्चा अनेकदा संगणकप्रणाली आणि प्रशिक्षण यांपाशी थांबते. माझ्या मते खरी अडचण अधिकाराची आहे: देशाच्या नावाने कर्ज घेण्याचा अधिकार कोणाला आहे आणि ते घेतल्यावर कोणाला कळवण्याचे बंधन आहे, हे कायद्यात स्पष्ट नसेल तर सर्वोत्तम प्रणालीतही अपुरीच वही तयार होते.

मोझांबिकचे प्रकरण याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. 2013 आणि 2014 मध्ये तेथील तीन सरकारी कंपन्यांनी मासेमारी व सागरी सुरक्षेच्या नावाखाली सरकारी हमीवर सुमारे 200 कोटी डॉलर उभे केले. मासेमारी कंपनीचे 85 कोटी डॉलर सर्वांना ठाऊक होते, पण उरलेल्या दोन कंपन्यांची शंभर कोटींहून अधिक रक्कम देशाच्या संसदेलाही सांगितलेली नव्हती. एप्रिल 2016 मध्ये ती उघडकीस आल्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि मदत करणाऱ्या देशांनी अर्थसाहाय्य थांबवले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की सरकारी हमीचे कर्ज कळवण्याचा नियम 1951 पासूनच होता. नियम व्यवस्थित होता, नमुन्यात रकानाही होता, फक्त तो भरला गेला नाही.

हद्दीचा प्रश्न सोडवण्यासाठी आवश्यक असलेली शब्दावली तयारच आहे. नाणेनिधीसह अनेक संस्थांनी मिळून 2011 साली सार्वजनिक क्षेत्राच्या कर्ज-आकडेवारीसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्या आधाराने कर्ज दोन दिशांनी मोजता येते. एक दिशा संस्थांची: केवळ अर्थसंकल्पीय केंद्र सरकार, मग संपूर्ण केंद्र सरकार, त्यानंतर प्रांतिक व स्थानिक सरकारांसह सर्वसाधारण शासन, आणि शेवटी सरकारी कंपन्या व सरकारी वित्तसंस्था यांच्यासह पूर्ण सार्वजनिक क्षेत्र. दुसरी दिशा साधनांची: आधी फक्त कर्जे आणि रोखे, मग ठेवी, मग थकलेली बिले, आणि अखेरीस निवृत्तिवेतनाची दायित्वे. कंत्राटदारांची वर्षानुवर्षे थकवलेली बिले हेसुद्धा कर्जच आहे, ही साधी गोष्ट अनेक अर्थमंत्र्यांना मान्य नसते. व्याख्या बदलली की एकाच देशाचे, एकाच वर्षीचे कर्ज जीडीपीच्या 40 टक्क्यांपासून 100 टक्क्यांच्या पुढेपर्यंत कुठेही दिसू शकते, असे नाणेनिधीच्या अभ्यासकांनी 2012 मध्ये दाखवून दिले होते. त्यामुळे ‘अमुक देशाचे कर्ज 60 टक्के’ हे वाक्य, कोणत्या पातळीवरचे आणि कोणत्या साधनांचे हे सांगितल्याशिवाय, अर्धेच असते.

ही अर्धी बाजू भरून काढणारी जोडसेवा उपलब्ध आहे आणि तिची शिफारस मी आवर्जून करतो. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांनी 2010 मध्ये संयुक्तपणे सुरू केलेल्या सार्वजनिक क्षेत्राच्या त्रैमासिक कर्ज-आकडेवारीत शासनाच्या पातळीनुसार वेगवेगळे तक्ते आहेत आणि त्यांत देशांतर्गत धनकोंकडून घेतलेले कर्जही येते, जे मुख्य सेवेच्या कक्षेबाहेर राहते. मात्र तिथे माहिती देणे ऐच्छिक असल्याने बहुतेक देश केंद्र सरकारचा तक्ता भरतात, आणि सरकारी कंपन्यांच्या तक्त्यापर्यंत पोहोचेस्तोवर रकाने रिकामे होत जातात. ज्या पातळीवर मोझांबिकसारखी प्रकरणे घडतात, नेमकी तीच पातळी कोरी असते.

मुख्य सेवेविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार दुरुस्त्यांच्या इतिहासाबाबत आहे. दरवर्षी नवी आवृत्ती येते तेव्हा केवळ नवे वर्ष जोडले जात नाही, मागील वर्षांचे आकडेही बदलतात. त्यात काही गैर नाही. उशिरा कळलेले कर्ज मागील वर्षात नोंदवणे हेच योग्य आहे. पण नेहमीच्या पडद्यावर फक्त नवा आकडा दिसतो. आधी काय सांगितले होते हे पाहायचे असेल तर वापरकर्त्याला मागील आवृत्त्या हुडकून स्वतः तुलना मांडावी लागते. हे काम काही अर्थशास्त्रज्ञांनी चिकाटीने केले: त्यांनी 146 देशांच्या 53 आवृत्त्या एकमेकींशेजारी ठेवल्या आणि प्रथम न कळवलेले व नंतर उघड झालेले कर्ज मोजले. ते भरले सुमारे 1 लाख कोटी डॉलर. त्यांना आढळलेला आकृतिबंध अधिक बोलका आहे. असे कर्ज भरभराटीच्या वर्षांत साचते आणि संकटाच्या वर्षांत, बहुधा नाणेनिधीचे पथक आल्यावर किंवा देशाने हप्ते थकवल्यावर, बाहेर येते. आणि जिथे ते अधिक असते तिथे कर्जाच्या पुनर्रचनेत, म्हणजे फेडीच्या अटी नव्याने ठरवताना, धनकोंचे नुकसानही अधिक होते. म्हणजे दुरुस्त्या कमी-अधिक अशा दोन्ही बाजूंनी विखुरलेल्या नसून बव्हंशी एकाच बाजूला, वरच्या दिशेने, झुकलेल्या आहेत. हे ज्ञात असताना ताज्या आकड्यासोबत ‘या देशाचा आकडा आजवर सरासरी इतक्याने वाढला आहे’ अशी एक ओळ देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

सेनेगलचे ताजे प्रकरण याच दिशेने बोट दाखवते. सप्टेंबर 2024 मध्ये नव्या सरकारने आधीच्या सरकारचे हिशेब चुकीचे असल्याचे जाहीर केले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तेथील लेखापरीक्षण न्यायालयाने 2023 अखेरचे कर्ज जीडीपीच्या 99.67 टक्के असल्याचे नमूद केले. अधिकृतपणे सांगितला गेलेला आकडा 74.41 टक्के होता. सेनेगल हा आकडेवारी न देणारा देश नव्हता. तो वेळेवर माहिती देई, आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकत असे आणि नाणेनिधीच्या कार्यक्रमातही होता. त्यामुळे आकडे नियमितपणे येतात म्हणून ते पूर्ण आहेत, असे मानण्याची सवय किती धोक्याची आहे, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

हा केवळ गरीब देशांचा दोष आहे, असा समज होऊ नये म्हणून ग्रीसचा उल्लेख करतो. तेथील 2009 सालची अर्थसंकल्पीय तूट आधी जीडीपीच्या 3.7 टक्के सांगितली गेली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती 12.5 टक्के झाली आणि अंतिम हिशेबात 15 टक्क्यांच्या वर गेली. त्यानंतर 2010 मध्ये युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाला सदस्य देशांच्या शासकीय खात्यांची खोलात जाऊन तपासणी करण्याचे अधिकार मिळाले. जागतिक बँकेच्या या सेवेमागे असे अधिकार नाहीत. ती कळवलेली माहिती तपासते, बहुपक्षीय संस्थांच्या नोंदींशी पडताळते, आणि अलीकडे काही धनको देशांनी आपल्या वह्या खुल्या करून कर्जनिहाय ताळमेळ घालण्यास सहकार्य सुरू केले आहे. हा ताळमेळ मला सर्वांत आशादायक वाटतो, कारण कर्ज घेणाऱ्याला लपवावेसे वाटले तरी कर्जाची एक प्रत देणाऱ्याच्या वहीत असतेच. अडथळा तेव्हा येतो जेव्हा देणाराही करारात गोपनीयतेचे कलम घालतो. चिनी संस्थांनी केलेल्या 100 करारांच्या 2021 मधील अभ्यासात, 2014 नंतरच्या प्रत्येक करारात असे कलम आढळले होते. खाजगी बँका आणि कच्च्या मालाचे व्यापारीही याबाबत फार मागे नाहीत. तेल किंवा खनिजांच्या भावी विक्रीवर तारण ठेवून घेतलेले कर्ज तर साध्या एकूण आकड्यात दिसूनही दिसत नाही, कारण रक्कम कळते पण कोणत्या उत्पन्नावर पहिला हक्क गेला आहे ते कळत नाही.

अंदाज आणि प्रत्यक्ष माहिती यांतील फरक दाखवण्याची सोय सेवेत आहे, हे न्यायाने सांगायला हवे. प्रत्येक देशाच्या परिचयपत्रात त्याची कर्ज-माहिती प्रत्यक्ष कळवलेली, प्राथमिक की बँकेने अंदाजलेली आहे, अशी नोंद असते. पण ती नोंद तक्ता उतरवून घेताना आकड्यासोबत येत नाही. वेगळ्या पानावर जाऊन पाहावी लागते. शिवाय बँक एकेका कर्जाची माहिती गोळा करते आणि प्रसिद्ध मात्र बेरजा करते. कर्जनिहाय माहिती खुली करण्याला देशांची संमती लागते, हे खरे आहे. तथापि बँकेच्याच 2025 च्या अहवालानुसार अल्प उत्पन्न देशांपैकी काही ना काही कर्ज-माहिती प्रसिद्ध करणाऱ्यांचे प्रमाण 2020 नंतर 60 टक्क्यांखालून 75 टक्क्यांच्या वर गेले असले, तरी नव्या कर्जांची कर्जनिहाय माहिती देणारे देश चतुर्थांशच आहेत. बँकेने गरीब देशांसाठी तयार केलेला हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांचा तक्ता कोणता देश किती पारदर्शक आहे हे एका दृष्टिक्षेपात दाखवतो. तो पाहिल्याशिवाय मी कोणत्याही देशाची मालिका वापरत नाही, आणि मुख्य साठ्याच्या पडद्यावरच तो रंग का दाखवला जात नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

विलंबाबाबत थोडक्यात: डिसेंबरमध्ये येणारी आवृत्ती आधीच्या वर्षअखेरपर्यंतचे चित्र देते, म्हणून वापरकर्त्याच्या हातातील ताजा आकडा बारा ते चोवीस महिने जुना असतो. दीर्घकालीन कल पाहणाऱ्याला याची अडचण नाही. चालू वर्षातील संकटाचा अंदाज बांधू पाहणाऱ्याने मात्र देशाचे स्वतःचे कर्ज-पत्रक, असल्यास, आधी उघडावे.

संशोधन, अध्यापन आणि धनकोनिहाय तुलना यांसाठी मी ही सेवा पाचपैकी चार गुण देऊन सुचवीन. एखाद्या देशाचे रोखे घ्यावेत की नाही किंवा त्याला किती सवलत द्यावी, असा निर्णय तिच्या एकट्या आधाराने घेणाऱ्याला मात्र माझा सल्ला अडीच गुणांचा आहे. मी स्वतः प्रत्येक आवृत्तीचा तक्ता उतरवल्यावर फाईलच्या नावात तारीख घालतो आणि जुनी फाईल कधीही पुसत नाही. डिसेंबर 2024 ची फाईल तशीच ठेवलेली आहे. नवी आवृत्ती उघडली की सर्वप्रथम सेनेगलच्या 2019 ते 2023 या पाच वर्षांच्या ओळी मी तिच्याशेजारी लावून पाहतो.